सत्तेचाळीस नंबरचा दिवा

ज्या कागदावर मी सही केली, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की या इमारतीच्या दिव्यांचं प्रशिक्षण मला मिळालं आणि ते मला समजलं. त्यातलं पहिलं खरं होतं. पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनिअरनं दोन तास मला कॉम्प्युटरसमोर बसवून, अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत, सगळं दाखवलं होतं. मी दोन तास मान हलवत होतो. तो मधूनमधून विचारायचा, "समझ में आया ना, भाऊ?" आणि मी म्हणायचो, "हो हो, हे तर सोपंच आहे." सत्तावीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या माणसानं आपल्या मुलाच्या वयाच्या पोरासमोर 'नाही समजलं' कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दुपारी तो पोरगा पुसदच्या बसस्टँडवर गेला आणि मी त्या स्क्रीनसमोर एकटा उरलो.

इमारत नवी होती. आमच्या गावातून शिकून परदेशात गेलेल्या एका गृहस्थांनी आईच्या आठवणीत बांधून दिलेली. खाली वाचनालय, वर अभ्यासिका, बाजूला लहानसं सभागृह. लोकार्पण अजून व्हायचं होतं, तरी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलंमुली सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बसायची. बाहेरच्या दगडी भिंतीवर खालून वर उजेड टाकणारे दिवे होते, जे सूर्य मावळला की आपोआप हळूहळू उजळतील असं ठरलं होतं.

आमच्याकडे दिवा म्हणजे एक बटण, एक तार आणि एक दिवा. इथं भिंतीवरचं बटण दाबलं तर ते दिव्याला काही सांगत नव्हतं. ते वरच्या छोट्या खोलीतल्या एका डब्याला सांगायचं. डबा त्याच्या पोटातलं घड्याळ पाहायचा, किती वाजले त्यानुसार कुठला 'सीन' लावायचा ते ठरवायचा, आणि मग दिवा लागायचा. सीन म्हणजे कुठला दिवा किती उजेडाचा याची ठरलेली मांडणी. दिवसाचा सीन, संध्याकाळचा सीन, रात्रीचा सीन. रात्रीच्या सीनमध्ये जिन्यातले आणि दारांजवळचे चारदोन दिवे सोडून सगळं बंद.

ही मांडणी जिथं करायची ते सॉफ्टवेअर मला दाट जंगलासारखं वाटायचं. स्क्रीनच्या डाव्या बाजूला एक लांब यादी होती. तिच्यात एकाखाली एक चौसष्ट दिवे, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे नुसता आकडा. मधे इमारतीचा नकाशा आणि त्यावर छोटे गोल. उजवीकडे उजेड कमीजास्त करायच्या पट्ट्या. मी पट्टी खाली ओढली की नकाशावरचा गोल मंद व्हायचा आणि छतावरचा खरा दिवा जसाच्या तसा. दोन दिवस मला वाटलं यंत्रच खराब आहे. मग कळलं की इथं केलेला बदल डब्याला पाठवावा लागतो, आणि पाठवायचं बटण वरच्या कोपऱ्यात एका बाणाच्या चित्रात लपलेलं आहे. पाठवल्यावर दिवा मंद झाला, पण नकाशावर दाखवलेला नव्हे, दुसराच. बांधकाम चालू असताना छत बदललं होतं, दिवे सरकले होते, नकाशा मात्र जुनाच राहिला होता.

पण माझी खरी चूक स्क्रीनवर नव्हती. ती माझ्या हातात होती.

मी काम शिकलो घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हवेत सगळीकडे तूस असतं, बारीक तंतूंची धूळ. पंख्यावर, वायरवर, बटणाच्या आत. एक ठिणगी पडली तर गंज्यांच्या गंज्या जातात. म्हणून माझ्या उस्तादांचा एकच नियम होता. काम संपलं की मेन स्विच पाडायचा. नुसती मशीनची बटणं बंद करून चालणार नाही, मेन पाडायचा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, आणि हात लावून पाहायचं. मेन पाडल्याशिवाय मी चप्पल घातली तर ते मला दारातून परत बोलवायचे. सत्तावीस वर्षांत ही सवय इतकी मुरली, की घरून लग्नाला निघालो तरी माझा हात आधी मीटरकडे जातो. आमच्या भागातले जुने वायरमन सगळे असेच.

इंजिनिअर लोक होते तोवर इमारतीच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. ते गेल्यावर पहिल्याच दिवशी रात्री नऊ वाजता मी जिन्याखालच्या खोलीत गेलो, मेन पाडला, इन्व्हर्टर बंद केला आणि समाधानानं घरी गेलो. रिकाम्या इमारतीत दिवे कशाला? फाटकावरच्या वॉचमनचा दिवा वेगळ्या मीटरवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मेन चढवला, आणि अभ्यासिकेत रात्र झाली. उन्हामुळे तिथले पडदे कायम ओढलेले असतात. मुलं पुस्तकं उघडून बसलेली आणि वर फक्त दाराजवळचे दोन दिवे. भिंतीवरचं बटण दाबलं की पूर्ण उजेड यायचा, पण अर्ध्या तासानं पुन्हा रात्र. दुपारी दोनला सगळे दिवे आपोआप लखलखले. संध्याकाळी बाहेरचे दिवे लागलेच नाहीत. असं तीन दिवस चाललं. मी इंजिनिअरला एकदा फोन केला. त्यानं विचारलं, "क्लॉक कितना टाइम दिखा रहा है?" मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं आणि बरोबर वेळ सांगितली. त्यानं विचारलं, "रात को लाइट जाती है क्या?" मी म्हणालो, जाते, पण इन्व्हर्टर आहे. हे बोलताना मी खोटं बोलत नव्हतो. लाइट जाणं आणि मी मेन पाडणं या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

खोटं मी चौथ्या दिवशी बोललो.

वाचनालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं होतं, त्यामुळे मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो तरी त्यांच्यासमोर माझे हात आपोआप मागे जातात. सर अभ्यासिकेच्या दारात उभे राहून म्हणाले, "महिनाभरानं लोकार्पण आहे. ते गृहस्थ एवढ्या लांबून येणार. आणि तू मला हा अंधार दाखवतोस? तुला येतं ना हे? तू सही केली आहेस."

त्या क्षणी समोरून सफाईच्या ताई जात होत्या. हातात बादली, खांद्यावर ओलं फडकं. आदल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं बटणाचं पॅनल पुसलं, तेव्हा दिवे एकदा बदलले होते, हे मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "सर, मी बरोबर लावून ठेवतो. पण ताई ओल्या फडक्यानं पॅनल पुसतात. बटणं दाबल्या जातात. त्यानं सगळं बिघडते."

एवढंच बोललो. मोजून चार वाक्यं. पण ती बोलताना मला ठाऊक होतं की यावर कोणी प्रश्न विचारणार नाही. ताई विहाराजवळच्या वस्तीतून यायच्या. माझे वडील तहसील कचेरीत, आजोबा कोर्टात कारकून. आमच्या घरात काही हरवलं, काही बिघडलं, तर आधी कोणाकडे पाहायचं याची एक जुनी रांग ठरलेली होती. मी स्वतःला त्या घरापेक्षा वेगळा समजत होतो. ताईंच्या हातचा चहा मी रोज प्यायचो आणि त्याचा मनातल्या मनात अभिमानही बाळगायचो. पण अडचण आली तेव्हा मी ती रांग जशीच्या तशी वापरली.

सरांनी तिथंच, वॉचमनसमोर, ताईंना सांगितलं की आजपासून त्यांनी फक्त अंगण आणि मागची स्वच्छतागृहं झाडायची, आत पाय ठेवायचा नाही. आतलं झाडायला सरांच्या ओळखीचा एक माणूस येईल. झाडूच्या खोलीची चावीही काढून घेतली. "लोकार्पणापर्यंत बघतो," सर म्हणाले. "पुन्हा काही झालं तर दुसरी बाई बघावी लागेल."

ताई काहीतरी बोलायला गेल्या. "सर, तो वरचा डबा..."

"बाई, तुम्ही डब्याचं मला सांगू नका."

ताईंनी चावी दिली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना वाटत होतं मी काहीतरी बोलेन. मी पॅनलचा स्क्रू घट्ट करत होतो. तो आधीच घट्ट होता.

ताई बाहेर गेल्यानंतरही दिवे तसेच वागत राहिले. सर म्हणाले, तिनं आधीच बिघडवून ठेवलंय, तू दुरुस्त कर. मी इंग्रजी शब्द वहीत लिहून काढायचो, घरी शब्दकोशात पाहायचो, दुसऱ्या दिवशी ती चौकट उघडून पाहायचो. माझी समजूत अशी झाली होती की चुकीचे दिवे रात्रीच्या सीनमध्ये गेले आहेत. तेव्हा आधी कुठला आकडा म्हणजे कुठला दिवा हे शोधायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय होती. यादीतल्या आकड्यावर उजवं बटण दाबलं की 'ओळख' नावाची एक सोय यायची, म्हणजे इंग्रजीत त्या अर्थाचा शब्द यायचा, आणि इमारतीत कुठेतरी तो एक दिवा लुकलुकायला लागायचा. पण मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर, आणि दिवा लुकलुकणार खाली दोन मजल्यांत कुठेतरी. मी धावत खाली जायचो, शोधायचो, परत वर. एका दुपारी सात दिवे सापडले आणि माझे गुडघे गेले.

ताई अंगणात लिंबाचा पाला गोळा करत होत्या. त्यांनी मला तिसऱ्यांदा धावताना पाहिलं.

"काहून धावून राह्यले भाऊ? मागं कुत्रं लागलं का?"

मी सांगितलं काय करतोय ते.

"असं व्हय. एक माणूस वर अन् एक खाली पाह्यजे. सोमवारी बंद राह्यते ना? मी येतो."

"ताई, तुमाले आत..."

"सोमवारी सर नाई येत. अन् मी काही पुसणार नाई. हात मागं बांधून फिरतो, मंग तर झालं?"

मी हो म्हणालो. हेही कबूल करायला हवं. ज्या बाईला मी खोटं बोलून बाहेर काढलं होतं, तिलाच मी मागच्या दारानं आत घेतलं, कारण मला तिची गरज होती.

तो सोमवार मी विसरणार नाही. फोन चालू ठेवून मी वर बसलो आणि ताई इमारतभर फिरत होत्या. मी म्हणायचो, "सव्वीस." फोनमधून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, मग, "सापडला. जिन्याचं तिसरं वळण, जिथं पाल बसते."

"पालीचा दिवा लिहू का?"

"लिहा ना. पालीले काय, ती थोडी वाचते."

इंजिनिअरनं पूर्ण इमारत नकाशावर पाहिली होती, मी वायरींमध्ये पाहिली होती. ताईंनी ती फरशीवरून पाहिली होती. कुठल्या दिव्याखाली धूळ जास्त दिसते, कुठल्या दिव्याची सावली कपाटावर पडते, कुठल्या दिव्याखाली मुली केस विंचरतात, हे त्यांना पाठ होतं. एकतीस नंबर लुकलुकला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "हा तर माह्या पेपरचा." सकाळी पोरं यायच्या आधी, झाडून झालं की, त्या वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दहा मिनिटं पेपर वाचायच्या. तो दिवा. मी 'ताईचा पेपर' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कारण त्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसायचे. दहा दिवसांत त्यांना तो पेपर वाचायला मिळाला नव्हता. "पुढचा?" त्या म्हणाल्या. मी बत्तीस म्हणालो.

दुपारपर्यंत चौसष्टपैकी त्रेसष्ट दिव्यांना नावं मिळाली. सत्तेचाळीस नंबर काही सापडेना. मी तो लुकलुकता ठेवून दिला. ताईंनी सभागृह, गच्ची, मोरी, सगळं पालथं घातलं. "नसंनच," त्या म्हणाल्या. "कागदावर जास्तीचा लिहून ठेवला असंन त्यायनं."

मग त्या पाणी प्यायला वर आल्या, डब्याकडे पाहून म्हणाल्या, "आज हा बरोबर टाइम दाखवते का?"

"कुठला टाइम?"

"हा काय लाल आकडे. ते इंजिनिअर होते तेव्हा याच्यावर अगदी बरोबर टाइम राहे. माह्याजवळ घड्याळ कुठं आहे? मी ही खोली झाडाले आली का याच्यावरच पाहून खाली जावो. ते गेले अन् रोज सकाळी मी येतो तं याच्यावर चार भोपळे. शून्य शून्य, शून्य शून्य. मंग एक, मंग दोन. जसं आत्ताच जन्माले आलं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मले बाहेर काढलं त्या दिवशी सरांले हेच सांगाले गेलती. त्यायनं तर आयकूनच नाई घेतलं."

मी डब्याकडे पाहिलं. आम्ही आलो तेव्हा मी नऊला मेन चढवला होता. आता दुपारचे दीड वाजले होते. डब्यावर होतं, चार वाजून एकतीस मिनिटं.

ते आकडे मी रोज पाहत होतो. मला वाटायचं ती यंत्राची काहीतरी आपली खूण असेल. ताई घड्याळ म्हणून पाहत होत्या, म्हणून त्यांना दिसलं. मी रात्री मेन पाडत होतो, डब्याचं घड्याळ मरत होतं, आणि सकाळी तो मध्यरात्र समजून उठत होता. म्हणून सकाळी रात्रीचा सीन. म्हणून दुपारी दोनला त्याची सकाळ. म्हणून बाहेरचे दिवे कधीच नाहीत, कारण त्याची संध्याकाळ व्हायच्या आत मी पुन्हा मेन पाडायचो. मी सॉफ्टवेअरमध्ये डब्याच्या स्वतःच्या घड्याळाचं पान शोधलं. चौथ्या चौकटीत, दोन पानं आत. तिथंही चार वाजून एकतीस. इंजिनिअरनं मला हेच घड्याळ विचारलं होतं.

"सापडलं का?" ताईंनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "घड्याळाचा लोचा होता."

घड्याळ कोणामुळे मरत होतं, ते मी सांगितलं नाही. त्या खुश होऊन गेल्या. त्यांना वाटलं, आता दिवे नीट लागतील, मग सर त्यांना आत घेतील.

त्या दिवशी मी वेळ बरोबर लावली आणि मेन चढलेला ठेवून घरी गेलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. घरी जेवताना मला सारखा कापसाच्या तुसाचा वास येत होता. मंगळवारी सकाळी अभ्यासिका उजळलेली होती. संध्याकाळी बाहेरची भिंत खालून वर हळूहळू सोनेरी झाली, आणि रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून पाहू लागले. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि मग मला कळलं की मी काय केलं आहे. ताई आत असताना दिवे बिघडले होते. ताई बाहेर गेल्या आणि, जरा उशिरानं का होईना, दिवे सुधारले. माझं खोटं आता नुसतं माझं राहिलं नव्हतं, दिवेच त्याची साक्ष देत होते. मी जितकं नीट काम करत होतो तितकं ते जास्त खरं होत होतं.

तीन आठवडे मी रोज ठरवायचो, आज सांगू. लोकार्पण झालं. त्या गृहस्थांनी बटण दाबलं, सभागृह हळूहळू उजळलं, टाळ्या पडल्या. सरांनी मला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. मंचावरून उघड्या दारातून फाटक दिसत होतं. ताई फाटकाशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. खाली उतरल्यावर सर मला म्हणाले, "बाईला आत येऊ दिलं नाही, ते बरंच झालं. पुढच्या महिन्यापासून दुसरी बघितली आहे. हिला सांगून टाकतो."

ती शाल दोन दिवस माझ्या पिशवीत होती. घरी काढून दाखवायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी मी सरांना वरच्या खोलीत बोलावलं. मला बोलता येईल याची खात्री नव्हती, म्हणून मी करून दाखवायचं ठरवलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हणालो, "सर, या डब्यावर किती वाजले ते बघा." खाली गेलो, मेन पाडला, इन्व्हर्टर बंद केला, पाचपर्यंत मोजलं आणि पुन्हा चढवलं. वर आलो तेव्हा सर डब्यासमोर वाकून उभे होते. चार शून्यं लुकलुकत होती. अभ्यासिकेतून मुलांचा ओरडा ऐकू आला, कारण तिथं रात्र झाली होती.

"म्हणजे कोणीतरी रोज मेन पाडत होतं," सर म्हणाले. गणिताचे मास्तर, त्यांना वेळ लागला नाही. "कोण?"

"मी."

"आणि बाई?"

"त्यांचा काही संबंध नाही, सर. उलट त्यांनीच मला ही शून्यं दाखवली. मला काही येत नव्हतं, आणि मी त्यांचं नाव घेतलं."

सर खुर्चीवर बसले. मी हात मागे घेऊन उभा होतो. मला वाटलं आता कामावरून काढतील, आणि ते योग्यच होईल. ते म्हणाले, "ती मला सांगत होती. डब्याचं. मी ऐकलं नाही." मग म्हणाले, "तू घेतलंस नाव. पण मी एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. ती मुलं ओरडतायत, आधी त्यांचा उजेड दे."

उजेड दिला. मग मी अंगणात गेलो. ताई झाडत होत्या. मी सगळं सांगितलं, सही केल्यापासून शाल घेतली तिथपर्यंत. त्या झाडू धरून ऐकत होत्या.

"त्या सोमवारी तुले कळलं होतं?" एरवी त्या मला 'तुमी' म्हणायच्या.

"हाव."

"अन् त्याच्यानंतर तू मंचावर गेला."

"हाव."

"मी टाळ्या वाजवून राह्यली होती रे," त्या म्हणाल्या. "मले कायले सांगतं आता? मले तं माहीतच आहे का मी काही केलं नाई. त्याले सांग." त्यांनी झाडूनं वॉचमनकडे दाखवलं. "त्याच्यासमोर मले काढलं. तवापासून तो मले आत पाण्याले जाऊ देत नाई."

मी वॉचमनकडे गेलो आणि त्यालाही सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत होता आणि ताई ऐकत होत्या. वॉचमन ओशाळून म्हणाला, "मले तं सरांनी सांगतलं होतं बाप्पा, मी काय करू." ताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या पुन्हा झाडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सर त्यांच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते मला माहीत नाही. ताई आत यायला लागल्या. झाडूच्या खोलीची चावी सरांना सापडायला रविवार उजाडला, तोवर त्या अंगणातलाच झाडू वापरायच्या. माझ्याशी मात्र पाच दिवस बोलल्या नाहीत. चहा करायच्या, माझा कप टेबलावर ठेवायच्या आणि जायच्या. तो चहा मी प्यायचो. तो न पिण्याचा हक्कही मला आहे असं वाटत नव्हतं.

सोमवारी मी वरच्या खोलीत बसलो होतो. दारात आवाज आला.

"किती दिवे रायले अजून?"

"एक. सत्तेचाळीस."

"एकासाठी एवढं तोंड पाडून बसले?" पुन्हा 'तुमी' आलं होतं. मी फोन लावला.

त्या खाली गेल्या. फोनवर त्यांच्या चपलांचा आवाज, चाव्यांचा आवाज, दाराचा आवाज. मग त्या इतक्या जोरात हसल्या की फोनशिवायही मला ऐकू आलं असतं.

"खाली या. लवकर या!"

जिन्यामागची झाडूची खोली. त्या दिवशी सरांनी तिची चावी काढून घेतली होती आणि नव्या माणसानं आपला झाडू घरूनच आणला होता, म्हणून ते दार कोणी उघडलंच नव्हतं. मीही त्या खोलीत कधी गेलो नव्हतो, माझं तिथं काम नव्हतं. आत, बादल्या आणि फिनाइलच्या डब्यांवर, छताला एक छोटा दिवा होता. मी पहिल्या सोमवारी तो लुकलुकता ठेवला होता आणि नंतर बंद करायला विसरलो होतो. चार आठवडे तो बंद दाराआड लुकलुकत होता. मधे मेन पाडला तेव्हाही डबा फक्त वेळ विसरला होता, हे नाही.

"ह्याले तुमीच सांगतलं होतं ना डोळा मारत बस म्हणून?" ताई म्हणाल्या. "मी दार उघडलं तं माह्याकडं पाहून डोळा मारते. ह्या वयात!"

मी वर गेलो, त्याचं लुकलुकणं थांबवलं, आणि फोनवर विचारलं, "काय नाव लिहू?" माझ्या मनात काहीतरी मोठं होतं. त्यांचं नाव, किंवा असंच काहीतरी.

"झाडूची खोली लिहा. दुसरं काय लिहान?"

तेच लिहिलं. बदल डब्याला पाठवायचं बाणाचं बटण दाबलं.

अलीकडे तो इंजिनिअर तपासणीला आला होता. त्यानं यादी उघडली आणि हसत विचारलं, ये पाल, ये ताईचा पेपर, ये सब क्या है, नंबर वापस डाल दूँ क्या? मी नाही म्हणालो. मग मी त्याला सांगितलं की त्या पहिल्या दिवशी मला काही समजलं नव्हतं, पुन्हा एकदा शिकव. तो बसला आणि त्यानं शिकवलं. यावेळी मी जिथं कळलं नाही तिथं मान हलवली नाही.

ती शाल आता कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून असते. ताईंनीच घातली. मला विचारलंही नाही.

रात्री नऊ वाजता माझा हात अजूनही जिन्याखालच्या खोलीकडे जातो. दार उघडतो, मेनला हात लावतो, तो चढलेला आहे हे पाहतो आणि परत येतो. सकाळी मी येतो तेव्हा ताई वरची खोली झाडून जिन्यावरून उतरत असतात आणि मला पाहिलं की ओरडून वेळ सांगतात. "सात वाजून चाळीस मिनटं, भाऊ." मग त्या वाचनालयात जातात, एकतीस नंबरखाली पेपर उघडतात. मी खाली उभा राहून ती वेळ माझ्या घड्याळाशी जुळवून पाहतो. रोज जुळते. तरी रोज पाहतो.